कार्व्हरला बोलावणारा माणूस

वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आलं आणि तेव्हापासून ते वाढदिवसाला, दहावीच्या निकालाला, बक्षीस समारंभाला असं सगळीकडे भेट म्हणून फिरतंय. आपल्या हॉस्टेलमध्येही शोधलं तर एखादी मळकी, कव्हर फाटलेली प्रत नक्की सापडेल. भुईमूग, रताळी आणि ओसाड जमीन यांच्याशी झटणारा तो शास्त्रज्ञ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पण १८९६ मध्ये या कार्व्हरला पत्र लिहून टस्कीगीला बोलावून घेणारा प्राचार्य कोण होता? नाव आठवतं, बुकर टी. वॉशिंग्टन. त्यापुढे गाडी अडते.

खरं म्हणजे इंजिनिअरिंगवाल्यांनी कार्व्हरच्या आधी या माणसाला भेटायला हवं. कारण त्यांनी नुसतं कॉलेज काढलं नाही, तर त्या कॉलेजच्या भिंतींच्या विटासुद्धा विद्यार्थ्यांकडून पाडून घेतल्या. आज बेरोजगार तरुणांसाठी स्किल ट्रेनिंग, लाइफ स्किल्स, व्यवसाय प्रशिक्षण हे शब्द सतत कानावर पडतात. हे सगळं एका माणसाने सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी करून पाहिलं होतं. त्यात काय साधलं आणि काय हातचं गेलं, दोन्ही बघण्यासारखं आहे.

बुकरचा जन्म १८५६ सालचा. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात जेम्स बरोज नावाच्या शेतकऱ्याचा तंबाखूचा मळा होता. बुकरची आई जेन तिथली गुलाम स्वयंपाकीण. वडील आसपासचा कोणीतरी गोरा माणूस, इतकंच त्याच्या कानावर आलं होतं. एका खोलीचं लाकडी खोपट, तेच घर आणि तेच मळ्याचं स्वयंपाकघर. मातीच्या जमिनीवर चिंध्यांचा ढीग टाकून भावंडं झोपायची. अंगात जवसाच्या टाकाऊ धाग्यांचा सदरा. नवा असताना तो काट्यांसारखा टोचायचा, म्हणून मोठा भाऊ जॉन आधी काही दिवस तो स्वतः घालून मऊ करून द्यायचा. १८६१ मध्ये मालक वारला आणि त्याच्या मालमत्तेची यादी झाली. त्या यादीत घरातल्या सामानसुमानाबरोबर बुकर नावाच्या मुलाचीही नोंद आहे आणि समोर किंमत, ४०० डॉलर. पाच वर्षांचं पोर आणि त्याच्यावर प्राइस टॅग! मालकाच्या मुलीची पुस्तकं शाळेच्या दारापर्यंत पोचवायचं काम त्याच्याकडे होतं. दाराच्या आत जायचं नाही.

१८६५ मध्ये यादवी युद्ध संपलं. मळ्यावरच्या सगळ्या गुलामांना मोठ्या घरापुढे बोलावलं गेलं, एका अधिकाऱ्याने एक कागद वाचून दाखवला आणि सांगितलं की आजपासून तुम्ही मोकळे. आधी हसणं, रडणं, गाणं. मग रात्री खोपटात परत गेल्यावर सगळे गप्प झाले. कारण आता राहायचं कुठे, खायचं काय, पोरांना वाढवायचं कसं, हे सगळं एकाच दिवसात अंगावर आलं होतं. देशभरात असे सुमारे ४० लाख लोक होते. जमीन नाही, पैसा नाही, बहुतेकांना अक्षरओळख नाही. शिवाय काम म्हणजे गुलामी, इतकं ते समीकरण पक्कं झालेलं की स्वातंत्र्य म्हणजे आता काम करावं लागणार नाही असं वाटणारेही पुष्कळ. वॉशिंग्टन आयुष्यभर ज्या प्रश्नाशी झुंजले तो हा. मोकळ्या झालेल्या पण रिकाम्या हाताच्या तरुणांचं करायचं काय?

आई मुलांना घेऊन वेस्ट व्हर्जिनियातल्या माल्डन गावी गेली. सावत्र वडील तिथे मिठाच्या कारखान्यात कामाला होते. मिठाच्या पिंपांवर प्रत्येक कामगाराचा आकडा टाकत. वडिलांचा आकडा होता १८. बुकरला आयुष्यात पहिल्यांदा वाचता आलं ते हे १८. त्याच्यासाठी आईने कुठूनतरी मुळाक्षरांचं पुस्तक मिळवलं, ते त्याने बरंचसं स्वतःच फोडलं. गावात शाळा निघाली तेव्हा वडिलांनी अट घातली की पहाटेपासून नऊपर्यंत कारखान्यात काम, मग शाळा. पण शाळा नऊलाच भरायची आणि रस्ता लांबचा! या पठ्ठ्याने काय करावं? कारखान्याच्या ऑफिसातल्या घड्याळाचा काटा रोज सकाळी अर्धा तास पुढे. शंभरावर माणसांचं काम त्या घड्याळावर चालायचं. शेवटी साहेबाला संशय आला आणि घड्याळ पेटीत कुलूपबंद झालं.

नावाची गोष्टही मजेची आहे. शाळेत हजेरी सुरू झाली तेव्हा प्रत्येकाला नाव आणि आडनाव. याच्याकडे फक्त बुकर. पाळी येईपर्यंत त्याने विचार केला आणि शांतपणे सांगून टाकलं, बुकर वॉशिंग्टन. देशाच्या पहिल्या अध्यक्षाचं आडनाव! आईने आपलं नाव बुकर टालिआफेरो ठेवलं होतं हे त्याला नंतर कळलं, आणि ते त्याने मध्ये बसवलं. तो ‘टी’ म्हणजे हा.

पुढे कोळशाच्या खाणीत काम. तिथल्या अंधारात दोन कामगार एका शाळेबद्दल बोलत होते ते याने चोरून ऐकलं. हॅम्प्टन नावाच्या गावी काळ्या मुलांसाठी मोठी शाळा आहे आणि तिथे काम करून शिकता येतं. बस, तिथून हॅम्प्टन डोक्यात बसलं. खाणीतून सुटून तो खाणमालकाच्या घरी, रफनरबाईंकडे घरकामाला लागला. या बाईंच्या कडक शिस्तीमुळे त्यांच्याकडे पोरगे दोन-तीन आठवड्यांवर टिकत नसत. कुंपणाची एक फळी निखळलेली, अंगणात एक कपटा पडलेला त्यांना चालायचा नाही. बुकर टिकला. इतकंच नाही, तर ही सवय त्याच्या अंगात आयुष्यभरासाठी मुरली.

१८७२ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो हॅम्प्टनला निघाला. अंतर सुमारे ८०० किलोमीटर. थोडं गाडीने, बरंचसं पायी. रिचमंड शहरात पोचला तेव्हा खिशात दमडी नव्हती. लाकडी फुटपाथ जिथे जमिनीपासून उंच होता तिथे खाली शिरून कपड्यांच्या बोचक्याची उशी केली आणि रात्र काढली. सकाळी समोर बंदरात जहाज दिसलं, त्यातलं कच्चं लोखंड उतरवायचं काम मागितलं. काही दिवस दिवसा लोखंड, रात्री फुटपाथखाली. हॅम्प्टनच्या दारात उभा राहिला तेव्हा हातात ५० सेंट होते आणि अवतार बघवत नव्हता.

त्याची एंट्रन्स एक्झाम कशी झाली माहितेय? तिथल्या मॅकीबाईंनी बराच वेळ ताटकळत ठेवलं आणि मग एक वर्ग झाडायला सांगितला. याने खोली तीनदा झाडली. चारदा फडक्याने पुसली. बाक हलवले, कोपरे काढले. बाईंनी येऊन भिंतीच्या लाकडावर, टेबलावर रुमाल फिरवून पाहिला, रुमाल तसाच स्वच्छ! ॲडमिशन मिळाली आणि वर शाळेत झाडूवाल्याची नोकरीही, त्यातून जेवणखाणाचा खर्च भागायला लागला. (आपली सीईटी यापेक्षा सोपी की अवघड ते ज्याचं त्याने ठरवावं.) पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, पुण्यात महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. तेव्हा तिकडे त्या मुक्त गुलामांपैकी एक मुलगा वर्ग झाडून शिकत होता. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता, पण मला ही दोन चित्रं शेजारी ठेवून पाहायला आवडतात.

हॅम्प्टनमध्ये बुकरने पुस्तकांइतकंच बाकीचंही शिकून घेतलं. वेळेवर जेवण, टेबलावर कापड, टबात आंघोळ, टूथब्रश, सगळंच नवीन. पलंगावर दोन चादरी बघून तो चक्रावला. पहिल्या रात्री दोन्ही चादरींच्या खाली झोपला, दुसऱ्या रात्री दोन्हींच्या वर, आणि मग इतर पोरांकडे बघून कळलं की एक खाली अंथरायची आणि एक वर घ्यायची. संस्थेचे प्रमुख जनरल आर्मस्ट्राँग म्हणजे त्याचं दैवत. गोऱ्या मिशनऱ्याचा मुलगा, हवाईत जन्मलेला, यादवी युद्धात लढलेला. डोकं, हात आणि वागणूक तिन्ही एकत्र घडवायची, ही त्यांची पद्धत. १८७५ मध्ये बुकर तिथून पास झाला, माल्डनला शिक्षक झाला, नंतर हॅम्प्टनलाच शिकवायला परतला. तिथे त्याच्याकडे रात्रशाळा होती. मुलं दिवसा दहा तास लाकूड कापायच्या गिरणीत, मुली लाँड्रीत, आणि रात्री दोन तास अभ्यास. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’मुळे ही कल्पना नवीन वाटत नाही, पण कर्मवीरांचा जन्म व्हायला अजून काही वर्षं होती.

१८८१ मध्ये अलाबामा राज्यातल्या टस्कीगी गावातून आर्मस्ट्राँगना पत्र आलं. ल्युइस ॲडम्स नावाचा पूर्वीचा गुलाम, जो पत्र्याचं, चामड्याचं, जोड्यांचं असं सगळं काम जाणणारा कारागीर होता, आणि जॉर्ज कॅम्पबेल नावाचा पूर्वी गुलाम बाळगणारा गोरा व्यापारी, अशा दोघांच्या खटपटीतून काळ्या शिक्षकांसाठी शाळा मंजूर झाली होती. मुख्याध्यापक हवा होता, आणि त्यांची अपेक्षा अर्थात गोऱ्या माणसाची होती. आर्मस्ट्राँगनी पंचवीस वर्षांच्या वॉशिंग्टन यांचं नाव कळवलं. ते टस्कीगीला पोचले आणि विचारलं, शाळा कुठाय? तर शाळा नव्हतीच. सरकारने वर्षाला २००० डॉलर दिले होते ते फक्त शिक्षकांच्या पगारासाठी. जमीन नाही, इमारत नाही, फळासुद्धा नाही. ४ जुलै १८८१ ला चर्चशेजारच्या पडक्या खोपटात ३० विद्यार्थ्यांवर शाळा सुरू झाली. पाऊस आला की छप्पर गळायचं आणि एक विद्यार्थी उठून सरांच्या डोक्यावर छत्री धरायचा. लेक्चर चालू!

त्याआधी महिनाभर ते खेचरगाडीने आसपासची खेडी फिरले होते आणि लोकांच्याच खोपटांतून राहिले होते. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण अभ्यासक्रम ठरवण्याआधी त्यांनी माणसं पाहिली. एका घरात हप्त्यावर घेतलेला ६० डॉलरचा ऑर्गन, पण जेवायला बसलेल्या पाच जणांत एकच काटा. कापूस घराच्या दारापर्यंत लावलेला, पण भाजीचा वाफा नाही, म्हणून भाजी नाहीच. आणि एका खोपटात हायस्कूलला गेलेला एक तरुण, कपडे तेलकट, आजूबाजूला घाण, अंगणात तण माजलेलं, आणि हा आपला फ्रेंच व्याकरण वाचतोय! वॉशिंग्टनना हे दृश्य फार लागलं. पुढे त्यांच्या विरोधकांनाही ते तितकंच लागलं, पण वेगळ्या कारणाने. ते पुढे येईलच.

गावाबाहेर १०० एकरांचा पडीक मळा ५०० डॉलरला विकाऊ होता. हॅम्प्टनच्या खजिनदारांनी स्वतःच्या खिशातून २५० डॉलर उसने दिले आणि जागा ताब्यात आली. तबेला आणि कोंबड्यांचं खुराडं यांत वर्ग भरू लागले. रान साफ करायचं ठरलं तेव्हा मात्र विद्यार्थी नाराज. त्यातले बरेच आधीच कुठेकुठे मास्तरकी केलेले, त्यांना जमीन साफ करणं कमीपणाचं वाटलं. वॉशिंग्टननी वाद घातला नाही, कुऱ्हाड घेतली आणि रोज दुपारी शाळा सुटल्यावर स्वतः पुढे निघाले. प्राचार्यच झाडं तोडतोय म्हटल्यावर पोरं मागे आली. पालकांचा विरोध त्याहून मोठा. त्यांची पत्रं यायची, की आम्ही पोराला शिकायला पाठवलंय, राबायला नाही. पुस्तकं जितकी जाडी आणि त्यांची नावं जितकी लांबलचक, तितकं शिक्षण भारी, असा हिशोब होता. हा हिशोब आपल्याकडे संपलाय असं कोणी म्हणेल का?

आणि मग विटा. गावात वीटभट्टी नव्हती, म्हणजे कॉलेजला विटा हव्या होत्या आणि बाजारातही मागणी होती. म्हणून ठरलं की आपणच पाडायच्या. चिकणमाती शोधण्यात बरीच खटपट झाली. गुडघाभर चिखलात उभं राहून तासन् तास माती काढायची, हे इतकं किळसवाणं काम की काही विद्यार्थी शाळाच सोडून गेले. वीट दिसते साधी, पण पाडून वाळवून रचली म्हणजे झालं असं नसतं. कच्च्या विटेत राहिलेलं पाणी घाईने तापवलं तर वाफ होऊन वीट तडकते. मग आच हळूहळू वाढवत न्यावी लागते, सगळ्या रचाईत सारखी पोचवावी लागते आणि दिवसच्या दिवस टिकवावी लागते. थर्मोकपल नाही, काही नाही, ज्वाळेच्या रंगावरून अंदाज. पहिल्या भट्टीत सुमारे २५,००० विटा रचल्या. फुकट गेल्या. दुसरी भट्टी, तीही गेली. पोरं वैतागली, तरी हॅम्प्टनला शिकून आलेल्या काही शिक्षकांनी जोर लावून तिसरी रचली. आठवडाभर जाळ चालला. आता काही तासांत हजारो विटा तयार होणार, असं वाटत असताना मध्यरात्री भट्टी कोसळली.

पैसे संपले होते. बहुतेक सहकाऱ्यांनी सांगितलं की नाद सोडा. वॉशिंग्टनकडे एक जुनं घड्याळ होतं. ते घेऊन ते मंटगमरीला गेले, गहाण टाकलं, १५ डॉलर मिळाले. त्या १५ डॉलरांवर खचलेल्या लोकांना परत गोळा केलं आणि चौथी भट्टी लावली. ती यशस्वी झाली. घड्याळ सोडवायची मुदत उलटून गेली तेव्हा हातात पैसे नव्हते, त्यामुळे ते गेलं ते गेलंच. (लहानपणी ज्याने कारखान्याचं घड्याळ पळवलं त्याला मोठेपणी हा हिशोब चुकता करावा लागला, असं म्हणायला हरकत नाही.) १९०० च्या सुमारास टस्कीगीचे विद्यार्थी एका हंगामात १२ लाख विटा पाडत होते. आणि गंमत म्हणजे ज्या गोऱ्या शेजाऱ्यांना काळ्यांना शिकवण्यातच अर्थ वाटत नव्हता ते गाड्या घेऊन विटा विकत घ्यायला येऊ लागले. चांगली वीट घेताना ती कोणी पाडली हे बघायला त्यांना परवडत नव्हतं.

फर्स्ट इयरला आपण वर्कशॉपमध्ये कानस घासून जो फिटिंगचा जॉब करतो, तो मार्क मिळाले की भंगारात जातो. त्याचा कोणालाच उपयोग नसतो. टस्कीगीचा जॉब भिंतीत बसायचा, आणि तो वाकडा झाला तर भिंत वाकडी. शिकण्यातला हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो. तिथे इमारती, पलंग, टेबलं, घोडागाड्या, गाद्या सगळं विद्यार्थ्यांचंच. पहिल्या गाद्या म्हणजे स्वस्त कापडाच्या पिशव्या शिवून आत पाइनची सुकी पानं. पहिले पलंग मोडून पडायचे. लोक सुचवायचे की विकत आणा, पण ते ऐकायचे नाहीत. पुढे तिथे सुमारे ३० धंदे शिकवले जाऊ लागले, सुतारकाम, लोहारकाम, छपाई, शिवण, चामड्याचं काम, दूधदुभतं, शेती. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १८९२ मध्ये पदवी घेतलेला पहिला काळा विद्यार्थी रॉबर्ट टेलर तिथे आर्किटेक्ट म्हणून आला. त्याने नकाशे काढले, पोरांनी विटा रचल्या आणि १८९८ मध्ये भव्य चॅपल उभं राहिलं.

लाइफ स्किल्सचं बघायचं तर टूथब्रश. टस्कीगीत येणाऱ्या प्रत्येकाकडे तो असलाच पाहिजे असा नियम होता, इतका की पोरं दुसरं काही आणलं नाही तरी ब्रश घेऊन यायची. एकदा तपासणीत एका खोलीतल्या तीन मुलींना विचारलं, ब्रश आहेत का? त्यांनी अभिमानाने एक ब्रश दाखवला, कालच तिघींनी मिळून घेतलेला! प्राचार्य कपड्यांवरचे डाग आणि तुटलेली बटणंही बारकाईने बघत. आपल्याकडे प्लेसमेंटच्या आधी टाय बांधायला शिकवतात, त्याचे हे पणजोबा म्हणायचे. हे वाचताना हसू येतं आणि थोडा रागही येतो. हे सगळं कोणाच्या डोळ्यांना बरं दिसावं म्हणून?

कार्व्हर १८९६ मध्ये आले. कार्व्हरभक्तांना हे आवडणार नाही, पण दोघांचं अनेकदा वाजायचं. कार्व्हरना दोन खोल्या हव्या होत्या, एक स्वतःला आणि एक गोळा केलेल्या वनस्पतींना. आणि वॉशिंग्टनना कोंबड्यांच्या खात्याचा हिशोब वेळेवर हवा होता. तरी १९०६ मध्ये शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत जाणारी फिरती शेतीशाळा, घोडागाडीवर अवजारं आणि बियाणं लादून, या दोघांच्या संस्थेनेच सुरू केली. जो शाळेत येऊ शकत नाही त्याच्याकडे शाळा.

आता अवघड भाग. १८ सप्टेंबर १८९५ ला अटलांटाच्या मोठ्या प्रदर्शनात वॉशिंग्टननी भाषण केलं. समोर गोरे आणि काळे दोन्ही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की काळ्यांनी आहे तिथेच राहून हाताने काम करावं, धंदा-शेती-मालमत्ता मिळवावी, सामाजिक बरोबरीसाठी आत्ता भांडत बसू नये. सामाजिक व्यवहारात दोन्ही वंश वेगळे राहिले तरी प्रगतीसाठी एकत्र येऊ शकतात. टाळ्यांचा पाऊस पडला, ते एका दिवसात देशभर प्रसिद्ध झाले. पैसा यायला लागला, १९०३ मध्ये एकट्या अँड्र्यू कार्नेगींनी सहा लाख डॉलर दिले. १९०१ मध्ये अध्यक्ष रूझवेल्टनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलं. एका काळ्या माणसाने अध्यक्षांच्या टेबलावर जेवावं यावरून दक्षिणेतल्या पेपरांनी रान उठवलं. पण त्याच काळात, १८९६ मध्ये, सुप्रीम कोर्टाने वेगवेगळे डबे कायदेशीर ठरवले. १९०१ मध्ये अलाबामाने नवी राज्यघटना करून बहुतेक काळ्यांचं मत काढून घेतलं. झुंडींनी माणसं मारणं चालूच होतं, आणि त्याच्या नोंदी पुढे टस्कीगीतच ठेवल्या जात होत्या.

डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे हार्वर्डचे डॉक्टरेट. त्यांनी १९०३ मध्ये वॉशिंग्टन यांच्यावर नाव घेऊन टीका केली. मत, नागरी हक्क आणि उच्च शिक्षण, हे तिन्ही सोडून दिलं तर नुसत्या कौशल्याने माणूस उभा कसा राहील? ज्याने चार पैसे आणि घर कमावलं, ते घर मताच्या हक्काशिवाय टिकवणार कसं? आणि टस्कीगीला शिकवणारे शिक्षक तरी कुठून आले, कॉलेजातूनच ना? हा शेवटचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. फ्रेंच व्याकरण वाचणाऱ्या त्या तरुणाला हसणं सोपं आहे. त्याचं अंगण स्वच्छ हवं हे खरं, पण म्हणून त्याच्या हातातलं पुस्तक चुकीचं ठरत नाही. आंबेडकरांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइसना पत्र लिहून दोन्हीकडच्या प्रश्नातलं साम्य कळवलं होतं. आणि त्यांच्या फार आधी, १९०३ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या ‘इंडियन ओपिनियन’मध्ये गांधीजींनी वॉशिंग्टन यांच्यावर कौतुकाने लिहिलं होतं. म्हणजे हा वाद आपल्या दोन मोठ्या माणसांपर्यंतही दोन वाटांनी पोचला होता.

गोष्ट इथे संपत नाही. वॉशिंग्टन वारल्यावर अनेक वर्षांनी संशोधकांनी त्यांचे खासगी कागद तपासले तेव्हा वेगळंच निघालं. अलाबामाच्या मताधिकाराविरुद्ध जो खटला १९०३ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि हरला, त्याचा खर्च गुपचूप वॉशिंग्टन करत होते. पत्रव्यवहारात सांकेतिक नावं वापरत होते. १८९५ मध्ये गोऱ्यांच्या जमावाने गोळी घातलेला एक काळा वकील टस्कीगीच्या दारात आला तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत त्याला आत घेतलं नाही, आणि मागून त्याच्या उपचारांची आणि सुरक्षित जागेची सोय केली. त्याच कागदांत हेही निघालं की ते विरोधकांवर हेर ठेवत आणि काळ्यांच्या वर्तमानपत्रांना पैसे देऊन आपल्या बाजूला वळवत. दोन्ही खरं आहे. त्यांच्या जागी दुसरं काय करता आलं असतं, हे हॉस्टेलच्या पलंगावर पडून सांगणं सोपं आहे. एका चुकीच्या वाक्यावर कॉलेज जाळलं जाण्याची भीती तिथे रोजची होती.

इंजिनिअर म्हणून मला दिसणारा दोष आणखी एक. १९१३ मध्ये फोर्डच्या कारखान्यात असेंब्ली लाइन धावू लागली, म्हणजे टस्कीगीची पोरं जी घोडागाडी इतकी सुबक बनवायला शिकली तिचे दिवस भरत आले होते. कौशल्य म्हातारं होतं. ज्याला नुसती गाडी बनवता येते तो अडकतो. ज्याला सोबत गणित, विज्ञान आणि नवीन वाचायची सवय आहे तो दुसरं काही बनवायला शिकतो. एकच उदाहरण सांगते. टस्कीगीचा एक विद्यार्थी शेतीचं रसायनशास्त्र शिकून गेला आणि जिथे सरासरी एकरी ४९ बुशेल रताळी निघत तिथे त्याने २६६ काढली. ती वाढ नांगर धरणाऱ्या हाताची जितकी, तितकीच मातीचं विज्ञान कळलेल्या डोक्याची.

घरच्या आयुष्याबद्दल थोडंच सांगता येतं. पहिली बायको फॅनी १८८४ मध्ये गेली, दुसरी ऑलिव्हिया १८८९ मध्ये. ही ऑलिव्हिया डेव्हिडसन म्हणजे शाळा सुरू झाल्यावर दीड महिन्यात येऊन मिळालेली शिक्षिका. टस्कीगीसाठी दारोदार पैसे मागण्यात तिचा वाटा त्यांच्याइतकाच, पण पुस्तकांत तिला दोन ओळी मिळतात. तिसरी मार्गारेट शेवटपर्यंत सोबत होती. तीन मुलं. वर्षातले कितीतरी महिने ते देणग्यांसाठी रेल्वेत असत.

शेवटच्या वर्षांत त्यांनी सिअर्स कंपनीच्या ज्युलियस रोझेनवाल्ड यांना खेड्यांत शाळा बांधण्याच्या कामाला लावलं. १९१२ मध्ये टस्कीगीच्या आसपास सहा शाळांपासून सुरुवात झाली. काही खर्च रोझेनवाल्डचा, शिवाय गावकऱ्यांनीही पैसा, लाकूड, मजुरी उभी करायची. १९३२ पर्यंत दक्षिणेत अशा जवळपास पाच हजार शाळा झाल्या. एवढं बघायला ते राहिले नाहीत.

नोव्हेंबर १९१५ मध्ये न्यूयॉर्कला ते कोसळले. रक्तदाब, आणि वर्षानुवर्षांचा थकवा. डॉक्टरांनी आशा सोडल्यावर त्यांनी हट्ट धरला की मला दक्षिणेत न्या, मरायचं तर तिथेच. रेल्वेने त्यांना आणलं, मध्यरात्र उलटून गेल्यावर ते टस्कीगीला पोचले आणि १४ नोव्हेंबरच्या पहाटे गेले. वय ५९. गळक्या खोपटाच्या जागी तेव्हा शंभरावर इमारती होत्या आणि सुमारे दीड हजार विद्यार्थी. त्याच वेळी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भीमराव आंबेडकर नावाचा एक विद्यार्थी अर्थशास्त्राचा अभ्यास करत होता.

त्यांना कॅम्पसवरच, चॅपलजवळ पुरलं. १९४३ मध्ये कार्व्हर गेले तेव्हा त्यांनाही शेजारीच जागा मिळाली.